संत्र्याचा कॅन उन्हात नेऊन बघा

विदर्भातल्या कुठल्याही फाट्यावरचा जुना फ्लेक्स बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा असोत की कपाशीच्या बियाण्याची जाहिरात, उन्हाळे खाल्लेला फ्लेक्स निळा पडलेला असतो. शुभेच्छुकांचे चेहरे निळे, फेटे निळे, शेजारची बोंडंही निळी. कारण शाईच्या रेणूंत आहे. छपाईच्या नेहमीच्या चार शायांपैकी पिवळी आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) या दोन उन्हाला कच्च्या. अतिनील किरणांनी त्यांच्या रेणूंतले बंध तुटतात आणि रंग उडतो. निळी शाई थॅलोसायनिन नावाच्या रेणूची असते. मधोमध तांब्याचा अणू आणि त्याभोवती घट्ट कडं, अशी त्याची रचना. ती सहजी मोडत नाही. काळी शाई म्हणजे निव्वळ काजळी, कार्बन. तिलाही ऊन फारसं काही करू शकत नाही.

आता छपाईत नारिंगी रंग कशाने होतो? पिवळा अधिक मॅजेंटा. म्हणजे नेमके उडून जाणारे दोन!

समजा, वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या शेतकरी गटाला आपल्या संत्र्याच्या पेयाचा कॅन नव्याने सजवायचा आहे, आणि अमरावती रस्त्यावर त्याची मोठी जाहिरातही लावायची आहे. डीटीपीच्या दुकानात, पंख्याखाली बसून, स्क्रीनवर नारिंगी झक्क दिसतो. पण स्क्रीन स्वतः उजेड फेकते, शाई मात्र पडलेल्या उजेडातला काही भाग गिळून उरलेला परत पाठवते. त्यामुळे स्क्रीनवरचा तो झगझगीत नारिंगी चार शायांच्या मिश्रणातून तसा उतरतच नाही, मळकट होतो. कॅनवर तो हवाच असेल तर वेगळी मिसळलेली खास नारिंगी शाई सांगावी लागते. मोबाइलवर आलेलं डिझाइन बघून ‘ओके’ कळवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

रंगाचं चवीशी काय नातं? बरंच. 1980 साली अमेरिकेत ड्युबोस, कार्डेलो आणि मॅलर या संशोधकांनी फळांच्या चवीची पेयं वेगवेगळ्या रंगांत लोकांना प्यायला दिली. रंग काढून घेतला की चव ओळखणं अवघड जायचं, आणि चुकीचा रंग घातला की उत्तरं रंगाच्या बाजूला झुकायची. चेरीच्या पेयाला नारिंगी रंग दिला, तर काही जणांना त्यात चक्क संत्रं लागलं. जिभेला जे कळतं ते मेंदू डोळ्यांनी आधीच बांधलेल्या अंदाजाशी ताडून बघतो. पेय तर दूरच, नुसत्या डब्याच्या रंगानेही हे होतं. 2011 च्या हिवाळ्यात कोका-कोलाने अमेरिकेत लाल कॅनऐवजी पांढरे कॅन आणले. आतलं पेय तेच होतं. तरी काही गिऱ्हाइकांनी चव बदलल्याची तक्रार केली, काहींचा कॅन डाएटचा वाटून घोळ झाला, आणि कंपनीने लाल कॅन लवकर परत आणले.

याहून बोलका किस्सा संत्र्याचाच आहे. 2009 च्या जानेवारीत ट्रॉपिकाना या अमेरिकी ब्रँडने खोक्यावरचं, स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून तिथे रसाचा ग्लास छापला आणि नावाची अक्षरंही बदलली. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आलं. दुकानात कोणी लेबल वाचत उभं राहत नाही, ओळखीचा आकार आणि रंग शोधतो. आपल्याकडे पानठेल्यावर पोरगं नाव घेतं का? ‘भाऊ, तो पिवळावाला दे ना,’ म्हणतं. कॅनचं रूप बदलायला हरकत नाही, पण गिऱ्हाईक ज्या खुणेवर बोट ठेवतं ती एक खूण जागची हलवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

संत्र्याच्या रंगाची आणखी एक गंमत संत्रा उत्पादकांना वेगळी सांगायला नको. अंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलोऱ्याचं फळ ऑक्टोबरपासून बाजारात येतं, तेव्हा रात्री अजून पुरत्या गार झालेल्या नसतात. सालीतलं हरितद्रव्य सरायला गारवा लागतो, म्हणून आत गोड झालेलं फळही बाहेरून हिरवट राहतं. गिऱ्हाईक नाक मुरडतं. यावर तोडगा म्हणजे लाल-नारिंगी जाळीची पिशवी. जर्मनीतले दृष्टीसंशोधक कार्ल गेगेनफुर्टनर यांनी याच प्रकारावर लिहिलं आहे. जाळीचे बारीक धागे आपला रंग मधल्या सालीला ‘लावतात’ आणि फळ अधिक पिकलेलं दिसतं. पट्टे बारीक असले की शेजारचे रंग असे एकमेकांत मिसळतात. उलट रंगाचे मोठे ठोकळे एकमेकांना खेटले की फरक वाढून दिसतो. म्हणून कॅनवर पानाचा गडद हिरवा मोठ्या पट्ट्यात घेतला तर नारिंगी उठतो, आणि हिरव्या बारीक रेघा नारिंगीवर ओढल्या तर तोच नारिंगी मळतो.

फ्रीजमधल्या शेजाऱ्यांचाही विचार हवा. आंब्याची पेयं पिवळी, संत्र्याची नारिंगी. त्यांच्या रांगेत आपलाही नारिंगी कॅन ठेवला तर तो गर्दीत हरवणार. रांगेतली वेगळी वस्तूच लक्षात राहते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं. मी तर पांढऱ्या कॅनवर एकच मोठं नारिंगी फळ घेईन.

आता अक्षरं. डोळा बारीक आकार ओळखतो तो मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून, रंगाच्या फरकावरून नव्हे. नारिंगी आणि हिरवा कितीही वेगळे वाटले तरी दोन्हींचा उजळपणा सारखा असेल तर नारिंगीवर हिरवी अक्षरं वाचवत नाहीत. मोबाइलवर डिझाइनचा फोटो कृष्णधवल करून बघा, लगेच कळेल. शिवाय दिवेलागणीला डोळ्याची संवेदना निळ्या-हिरव्याकडे सरकते आणि लाल काळवंडतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे एकोणिसाव्या शतकात टिपलं. दुपारी गडद हिरव्यावर ठसठशीत दिसणारी लाल अक्षरं संध्याकाळी गायब होतात ती यामुळेच.

देवनागरीत आणखी एक खोडा आहे. घ आणि ध, म आणि भ या जोड्या जवळून बघा. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटलेली असते आणि तिथे एक छोटी गाठ असते. जाडजूड फॉन्टमध्ये ही फट केसाएवढी उरते. त्यात कॅनची छपाई अशी, की सगळ्या शाया आधी एकाच रबरी पृष्ठावर चढतात आणि एका फिरक्यात गोल पत्र्यावर उतरतात. फिक्या रंगावर गडद शाईत छापलेली अक्षरं असतील तर शाई पसरून ती फट बुजते. मग ‘भरपूर रस’चं ‘मरपूर रस’ होतं, आणि ‘मधुर’चं ‘मघुर’. फॉन्ट निवडताना सुंदर दिसणारं नाव नव्हे, ही चार अक्षरं टाइप करून बघावीत, तीही खऱ्या मापात.

आकाराचंही चवीशी नातं निघतं. वेलास्को, स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की गोलसर अक्षरं लोक गोड चवीशी जोडतात, टोकदार अक्षरं आंबट, खारट, कडू चवींशी. नागपुरी संत्रं आंबटगोड, पण विकताना गोडव्यावरच जोर. तेव्हा मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या संस्थेचा ‘बालू’सारखा मोफत मिळणारा गुबगुबीत फॉन्ट नावाला शोभेल. मात्र घटकांची बारीक यादी त्यात देऊ नये, तिथे सडपातळ, मोकळा फॉन्ट बरा.

मापाचं गणित सोपं आहे. 330 मिलीच्या नेहमीच्या कॅनचा व्यास सुमारे 66 मिलिमीटर, म्हणजे घेर 207. समोरून नीट वाचता येतो तो साधारण तिसरा हिस्सा, 69 मिलिमीटर. त्याच्या कडेला अक्षराची रुंदी निम्मी दिसते. नाव त्यापेक्षा लांब असेल तर ते दोन ओळींत मोडावं, नाहीतर गिऱ्हाइकाला कॅन फिरवावा लागेल.

रस्त्यावरच्या जाहिरातीचं माप वेगळं. 60 च्या वेगाने जाणारी एसटी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते, म्हणजे 50 मीटरवरून दिसलेल्या जाहिरातीला तीनच सेकंद मिळतात. चांगल्या नजरेला 50 मीटरवर सात सेंटिमीटरचं अक्षर जेमतेम ओळखू येतं. सहज वाचायला तिप्पट, वीसेक सेंटिमीटर धरावं, आणि वेलांटी-उकारांची जागा त्याहून वेगळी. शब्द चार-पाच पुरेत. नाव काळ्यात किंवा गडद निळ्यात, पांढऱ्यावर छापावं. फळाचं चित्र फिकं पडलं तरी नाव राहील.

एक खूण मात्र कोणाच्या आवडीवर सोडलेली नाही. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तसाच तपकिरी ठिपका असे. लाल-हिरवा वेगळा न कळणाऱ्यांना दोन्ही ठिपके सारखेच दिसायचे, म्हणून नव्या नियमांत तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला.