कैचीच्या छपराखालील भारवाही भिंत

छपराचा किंवा वरच्या मजल्याचा भार घेऊन तो पायापर्यंत पोहोचवणारी भिंत म्हणजे भारवाही भिंत. नुसत्या खोल्या वेगळ्या करणारी आडभिंत, म्हणजे पार्टिशन, फक्त स्वतःचे वजन पेलते. लाकडी सांगाड्याच्या घराचे छप्पर कैच्यांवर, म्हणजे ट्रसवर उभे असेल, तर आतली भिंत कोणत्या प्रकारची हे ठरवण्यासाठी आधी माळ्यावर चढून कैची पाहावी.

कैचीत दोन उतरत्या पट्ट्या, एक आडवी खालची पट्टी आणि मधले उभे-तिरपे दांडे त्रिकोणांत बांधलेले असतात. छपराच्या वजनाने उतरत्या पट्ट्यांची टोके बाहेर फाकू पाहतात. खालची पट्टी ताण घेऊन त्यांना धरून ठेवते. त्यामुळे सारा भार टोकांशी, बाहेरच्या भिंतींवर उतरतो. दातेरी पत्र्यांनी सांधलेल्या तयार लाकडी कैच्या १९५० च्या दशकात अमेरिकेत पुढे आल्या. दहा-बारा मीटरचा गाळा त्या मधल्या आधाराविना सहज ओलांडतात, म्हणून त्यांच्याखालच्या बहुतेक आतल्या भिंती भारवाही नसतात. वासे आणि सीलिंगच्या तुळया जागेवर ठोकून केलेल्या छपरात मात्र तुळयांची टोके मधल्या भिंतीवर एकमेकांशेजारी टेकवलेली असतात आणि ती भिंत बहुधा भारवाहीच निघते.

खरा धोका अपवादांत आहे. काही कैच्यांची रचनाच मधला आधार धरून केलेली असते. अशा कैचीत भिंतीच्या बरोबर वर दांडे खालच्या पट्टीला येऊन मिळतात. पण दातेरी पत्रा दिसला की आधार सापडला, असे मानू नये. लांब पट्टी दोन तुकडे जोडून करतात, तिथेही तसाच पत्रा असतो. दुसरा अपवाद मुख्य कैचीचा. एल आकाराच्या घरात, जिथे दोन छपरे मिळतात, तिथे दोन-तीन कैच्या एकत्र जखडून एक जाड कैची करतात आणि बाकीच्या कैच्या पोलादी हँगरने तिला अडकवतात. तिचे एक टोक आतल्या भिंतीवर उतरत असेल, तर त्या जागी मोठा भार एकवटतो. आधार कुठे आणि किती भाराचा, हे कारखान्याच्या कैची-आराखड्यात नोंदलेले असते. तो मिळाला तर अंदाजाची गरज उरत नाही.

भिंतीचा माथा आणि खालची पट्टी यांत बोटभर फट, किंवा दोहोंना जोडणारी लांबट भोकाची क्लिप दिसली, तर ती भिंत भार घेण्यासाठी नाही. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. थंड प्रदेशांत हिवाळ्यात खालची पट्टी उष्णतारोधक थराखाली उबदार, कोरडी राहते, तर वरच्या पट्ट्या दमट हवेत ओल शोषून किंचित लांबतात. मग कैचीचा मधला भाग वर उचलला जातो आणि सीलिंगच्या कडेला चीर पडते. उन्हाळ्यात ती पुन्हा मिटते.

फट नाही म्हणून भिंत भारवाही ठरत नाही. मात्र मधल्या आधारासाठी न बनवलेली कैची आडभिंतीवर घट्ट टेकली, तर तिच्यातला बलांचा खेळ बदलतो: ताणासाठी योजलेल्या दांड्यावर दाब येऊ शकतो. पुढे अशी भिंत काढली की सीलिंग खाली बसू शकते. तेव्हा टेकलेली भिंतही तपासूनच काढावी.

भिंतीवर ठोकून येणारा आवाज याबाबतीत काहीच सांगत नाही. दारावरचे जाड लिंटेल किंवा भिंतीची दिशा यांवरून शंका घ्यावी, निष्कर्ष काढू नये. दुमजली घरात कैच्यांचा निकाल फक्त वरच्या मजल्याला लागू होतो. खालच्या मजल्याची मधली भिंत वरच्या मजल्याच्या जमिनीच्या तुळया पेलत असू शकते. काही भिंती उभा भार घेत नाहीत, पण वारा आणि भूकंपाच्या आडव्या धक्क्यांपुढे घर ताठ ठेवतात. त्यांवर जडवलेले प्लायवूड आणि टोकांचे पायाला बांधणारे पोलादी अँकर ही त्यांची खूण. त्या काढायच्या तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे गणित आधी हवे. आणि कैचीचा एकही दांडा इंजिनिअरच्या लेखी तपशिलाशिवाय कापू नये.