खुर्ची, उंट आणि ‘कलार’

फेसबुकवर तक्रार केली, ‘तपासणी झाली’ असं उत्तर आलं आणि विखारी पोस्ट जागच्या जागी राहिली. या प्रकाराची सर्वांत मोठी किंमत म्यानमारने मोजली आहे.

तिथे २०१४ पर्यंत सिमकार्ड सामान्यांच्या आवाक्याबाहेर होतं. त्या वर्षी परदेशी कंपन्या आल्या, सिम दीड डॉलरला मिळू लागलं आणि लाखो लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट झालं. त्याच जुलैत मंडालेमध्ये बलात्काराची खोटी बातमी फेसबुकवर फिरली, दंगल पेटली, दोघांचा जीव गेला. इशारा मिळाला होता. तरी २०१५ च्या सुरुवातीला फेसबुकच्या मजकूर तपासणाऱ्यांत तिथली बर्मी भाषा जाणणारे दोनच जण होते, असं पुढे रॉयटर्स वृत्तसंस्थेने उघड केलं.

यंत्राकडूनही मदत नव्हती. म्यानमारमध्ये युनिकोड या जगभरच्या अक्षर-प्रणालीऐवजी ‘झॉजी’ फाँट रूढ होता. जुन्या मराठी फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून अक्षरांचा चुथडा पाहिलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. मुसलमानांना ठार करा, असं सांगणाऱ्या एका पोस्टचं फेसबुकने केलेलं भाषांतर होतं : ‘म्यानमारमध्ये मला इंद्रधनुष्य असू नये.’

मग फेसबुकने एका शब्दावर बडगा उगारला. ‘कलार’ ही मुसलमानांना दिली जाणारी शिवी. पण खुर्ची, उंट आणि हरभऱ्याची डाळ यांच्या बर्मी नावांतही हाच शब्द येतो. त्यामुळे निरुपद्रवी पोस्टही उडाल्या. शिवी कुठली आणि डाळ कुठली, हे तिथल्या शाळकरी पोरालाही कळतं. ते कळणारी माणसं पुरेशी नेमली नाहीत, माझ्या मते मूळ दोष हा.

सप्टेंबर २०१७ मध्ये बौद्धांना आणि मुसलमानांना एकमेकांच्या हल्ल्याची भीती घालणारे साखळी-संदेश मेसेंजरवर फिरले. आपल्या यंत्रणेने ते हेरले, असं फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. एप्रिल २०१८ मध्ये म्यानमारमधल्या सहा संस्थांनी खुलं पत्र लिहून खोडून काढलं : ती यंत्रणा म्हणजे आम्हीच, आणि आम्ही कळवेपर्यंत संदेश कित्येक दिवस फिरत होते. झुकरबर्ग यांनी माफी मागितली.

म्यानमारचे तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आँग हलाइंग यांचं खातं फेसबुकने २७ ऑगस्ट २०१८ रोजी काढलं. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने अहवालाचे निष्कर्ष मांडले होते. म्यानमारमधल्या रोहिंग्या मुसलमानांवरची लष्करी कारवाई सुरू होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं आणि सात लाखांहून अधिक माणसं सीमा ओलांडून बांगलादेशात गेली होती.