फोरसाइट अर्धा मिलिमीटर सरकवताना

सैन्यातून निवृत्त झालेली जुनी रायफल पहिल्यांदा चांदमारीला नेली की एक अनुभव हमखास येतो. १०० मीटरवर काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरावा, आणि भोके मात्र वीतभर वर पडावीत. नळी झिजली, साइट (नेम धरायची खूण) वाकली, नाहीतर आपल्यालाच नेम जमत नाही, अशा शंका येतात. पण बहुतेकदा रायफल ठणठणीत असते. तिला ज्या कामासाठी लावले होते, ते काम वेगळे होते, इतकेच.

जर्मनीची गेव्हेअर ९८ घ्या. पहिल्या महायुद्धातल्या या रायफलीच्या बॅकसाइटवर, म्हणजे डोळ्याजवळच्या मागच्या साइटवर, सर्वांत कमी अंतर ४०० मीटर आहे. त्याहून जवळचा आकडाच नाही! नळीतून सेकंदाला साडेआठशेहून अधिक मीटर वेगाने निघालेली गोळीसुद्धा निघाल्या क्षणापासून खाली पडू लागते. पहिल्या १०० मीटरना तिला सुमारे ०.१२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती ७ सेंटिमीटर उतरते. ४०० मीटरपर्यंत हीच घसरण जवळजवळ दीड मीटर होते. ती भरून काढायला नळीचे तोंड किंचित वर रोखलेले असते. मग १०० मीटरवर गोळी उंच जाणार नाही तर काय? धुमश्चक्रीत अंतर मोजत बसायला शिपायाला वेळ नसे. त्याने समोरच्याच्या कमरपट्ट्यावर नेम धरायचा. अंतराचा अंदाज चुकला, तरी गोळी माणसाच्या उंचीत कुठेतरी लागे.

रशियाच्या मोसिन-नागांतची गंमत आणखी निराळी. १८९१च्या मॉडेलच्या साइटवर अंतरे अर्शीन या जुन्या मापात आहेत, आणि एक अर्शीन म्हणजे जेमतेम ७१ सेंटिमीटर. १९३०च्या सुधारित मॉडेलवर मीटर आले. पण ही रायफल झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवताना, नळीला संगीन लावलेली असे. गोळी सुटताना नळी थरथरते. तोंडाशी संगिनीचे वजन असेल तर ही थरथर एका तऱ्हेची, नसेल तर दुसऱ्या तऱ्हेची. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड नेमके कुठे रोखले आहे, हे त्यावर ठरते. त्यामुळे संगीन काढली की गोळ्यांची जागा बदलते.

आता दुरुस्ती किती करायची? याचे गणित समरूप त्रिकोणांचे, शाळेतलेच. मोसिन-नागांतची बॅकसाइट आणि नळीच्या तोंडाजवळची फोरसाइट यांच्यातले अंतर ६२२ मिलिमीटर. १०० मीटरवर गोळ्या १० सेंटिमीटर बाजूला पडत असतील, तर फोरसाइट सरकवायची ०.६२ मिलिमीटर. उलट बघितले तर नेम धरताना फोरसाइट एक मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली, तरी लक्ष्यावर १६ सेंटिमीटरची चूक होते. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि इथे तर बॅकसाइट, फोरसाइट, लक्ष्य अशा तीन वस्तू तीन अंतरांवर. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते. फोरसाइटचे टोक मात्र रेखीव दिसायलाच हवे. तिरप्या उन्हात ते एका बाजूने चमकते आणि डोळा फसतो, म्हणून स्पर्धांतले नेमबाज त्यावर काजळी धरतात.

दिशेचा गोंधळ भल्याभल्यांचा होतो. गोळ्या डावीकडे जात असतील तर फोरसाइटही डावीकडेच सरकवायची, वर जात असतील तर ती उंच करायची. उंच झालेले टोक बॅकसाइटच्या खाचेशी जुळवायला नळीचे तोंड खाली आणावे लागते, हे एकदा डोळ्यांसमोर आणले की घोकायला नको. बॅकसाइट सरकवायची असेल तर नियम उलटा.

एका गोळीवरून काहीच ठरवू नये. टेकू देऊन पाच गोळ्या मारा आणि त्या पुंजक्याचा मध्य धरा. मग रायफल रिकामी आहे ना, हे पुन्हा पाहा, मूळ जागेची बारीक रेघ ओढा आणि पितळी पंचाने किंवा स्क्रूच्या साधनाने फोरसाइट तिच्या बुडाच्या आडव्या खाचेत हळूहळू सरकवा. हातोडीने अर्धा मिलिमीटर सरकवणे म्हणजे नशिबाचा खेळ. स्क्रूचे साधन बरे.

उंचीसाठी ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलवाल्यांची सोय सर्वांत चांगली. तिच्या फोरसाइटची पाती वेगवेगळ्या उंचीची मिळतात, ०.०१५ इंचाच्या पायऱ्यांनी, आणि एक पायरी म्हणजे १०० वारांवर, मॉडेलनुसार, सुमारे ५ ते ७ सेंटिमीटरचा फरक. इतरांच्या हाती कानस येते. पण कानशीने फोरसाइट फक्त ठेंगणी होते आणि गोळ्या आणखीच वर जातात, शिवाय घासलेले लोखंड परत येत नाही. मोसिन-नागांतवाल्यांनी त्यावर स्वस्तातली युक्ती काढली आहे. विजेच्या तारेवरच्या प्लॅस्टिक आवरणाचा छोटा तुकडा फोरसाइटच्या दांड्यावर बसवायचा, मुद्दाम जरा जास्त उंच. गोळ्या खाली पडू लागतात. मग ब्लेडने कणकण कापत, पुंजका मध्यावर येईपर्यंत वर आणायचा. जास्त कापले गेले, तर नवा तुकडा!