पार्श्वभूमी : डर्ट ट्रॅकवरची रात्र आणि विंगचा वाद

अमेरिकेतला नॉक्सव्हिलचा मातीचा ट्रॅक असो की एल्डोराचा, स्प्रिंट कारच्या (मातीवर धावणाऱ्या छोट्या, उघड्या चाकांच्या शर्यतगाडीच्या) ड्रायव्हरची शर्यतीची रात्र ठरलेल्या क्रमाने जाते. संध्याकाळी ओल्या मातीवर सावकाश चकरा मारून ट्रॅक दाबून घ्यायचा, मग हॉट लॅप म्हणजे सरावाच्या फेऱ्या, घड्याळाशी क्वालिफाइंग, ८-१० फेऱ्यांची हीट म्हणजे प्राथमिक शर्यत, तिथे जमले नाही तर बी-मेन ही शेवटची संधी, आणि रात्री उशिरा २५-३० फेऱ्यांची मुख्य शर्यत. हा क्रम जुनाच आहे. ड्रायव्हर गाडीत बसून काय करतो ते मात्र पार बदलले, आणि त्याला कारण गाडीच्या डोक्यावर बसवलेली २५ चौरस फुटांची विंग, म्हणजे हवेने गाडी खाली दाबणारा पंख.

अगदी सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत काउंटीच्या जत्रेसाठी घोड्यांच्या शर्यतीचे अर्ध्या मैलाचे मातीचे ट्रॅक होते. आपल्याकडे जत्रेत बैलगाडा शर्यत भरते तशी तिथे मोटारींची शर्यत भरू लागली. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीतल्या भीषण अपघातानंतर अमेरिकेतल्या शर्यतींचे नियमन करणारी जुनी संस्था बाजूला झाली आणि १९५६ पासून नव्या संस्थेने कारभार हाती घेतला. त्या काळात मातीवर नाव कमावलेला ड्रायव्हर पुढे इंडियानापोलिसच्या ५०० मैलांत उतरणार हे गृहीत असे. मागे इंजिन असलेल्या गाडीने १९६५ मध्ये ती शर्यत पहिल्यांदा जिंकली आणि पुढच्या इंजिनाच्या गाडीवर तयार झालेल्या माणसाची ती वाट अरुंद झाली. १९७० च्या हंगामानंतर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या यादीतून मातीचे ट्रॅक वगळले गेले. मातीवरचे ड्रायव्हर तेव्हापासून आपापल्या मुलखापुरते उरले.

विंग त्याआधीच आली होती. १९५८ मध्ये ओहायोतल्या कोलंबसच्या ट्रॅकवर एका ड्रायव्हरने गाडीच्या डोक्यावर पत्र्याची विंग बसवली. फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर विंग दिसली ती १९६८ मध्ये, म्हणजे जत्रेच्या मैदानातले लोक दहा वर्षे पुढे होते. मोटरस्पोर्टच्या इतिहासात याची नोंद फारशी कोणी घेत नाही. विंग हवेच्या जोरावर गाडी खाली दाबते. शिवाय मातीवर गाडी वळणात आडवी होऊन सरकते, तेव्हा विंगच्या बाजूच्या उभ्या फळ्यांवर हवा आपटते आणि गाडीला आतल्या बाजूला रेटते. ९०० च्या आसपास अश्वशक्ती आणि ड्रायव्हरसकट जेमतेम साडेसहाशे किलो वजन अशा यंत्राला ही पकड मिळाली की वळणातला वेग किती वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

१९५६ मध्ये आलेल्या त्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या स्प्रिंट मालिकेत विंगला थारा दिला नाही आणि आजही देत नाही. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात शर्यती भरवणाऱ्या स्थानिक प्रवर्तकांनी ती चालू दिली, इंडियाना विंगशिवाय राहिले. त्यामुळे एका राज्यातला राजा शेजारच्या राज्यात नवशिक्यासारखा दिसू लागला. १९७८ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या मेस्कीटला एक फिरती मालिका सुरू झाली: संस्थेच्या चौकटीबाहेरचे ड्रायव्हर, गावोगाव मुक्काम, बक्षिसाची रोख रक्कम हीच ओळख. सुरुवातीला ही मंडळी विंग लावूनही धावली आणि काढूनही. १९८० च्या दशकात मात्र ही मालिका म्हणजे विंग असे समीकरण पक्के झाले.

विंग ठेवण्याच्या या निर्णयाचे समर्थन आज सुरक्षिततेच्या नावाने केले जाते. गाडी उलटली की विंग चुरगळते, पहिला मार स्वतः खाते आणि कोलांट्या कमी होतात, हे खरेच आहे. पण घटनांचा क्रम पाहिला तर हा मुद्दा मागाहून चिकटवलेला वाटतो. कोलंबसची विंग वेगासाठी होती. ड्रायव्हरचा जीव वाचवला तो प्रामुख्याने १९७० च्या आसपास रूढ झालेल्या रोल केजने, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याने, आणि मर्दपणाला बाधा येते म्हणून त्यालाही आधी विरोध झालाच होता. विंगमुळे वाढलेल्या वेगाने भिंतीवर आदळणे किती सुरक्षित, हा प्रश्न समर्थक घाईने ओलांडून जातात. प्रवर्तकांना वेग हवा होता. नॉक्सव्हिलचा अर्धा मैल पंधरा सेकंदांच्या आसपास पार होतो, आणि तिकीट त्या आकड्यावर खपते.

विरोधकांचा मुद्दाही धुतल्या तांदळासारखा नाही. विंगमुळे कसब संपले, पाय दाबून ठेवला की झाले, असे ते म्हणतात. प्रत्यक्षात कसब दुसरीकडे गेले. रात्र चढते तशी माती सुकते, घोटली जाते, बाहेरच्या कडेला सैल मातीची कड साचते. ड्रायव्हर चालत्या गाडीतून हायड्रॉलिकने विंग मागे सरकवत मागच्या चाकांवरचा दाब वाढवत राहतो. ती केव्हा आणि किती सरकवायची, यावर मुख्य शर्यत फिरते. तरी एक तक्रार रास्त आहे: पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्याची विंग नीट काम करत नाही, त्यामुळे पहिल्या रांगेतून निघालेल्याला मोकळी हवा आयती मिळते. क्वालिफाइंगमधल्या वेगवान गाड्यांना हीटमध्ये मागे उभे करण्याच्या नियमावर एवढी भांडणे होतात ती यामुळेच.

पैशाने कौल कुठे दिला ते एल्डोराच्या आकड्यांत दिसते. तिथल्या जुलैच्या मोठ्या शर्यतीने १९८४ मध्ये विजेत्याला ५०,००० डॉलर देऊ केले, तेव्हा ही रक्कम डोळे विस्फारणारी होती. २००३ मध्ये त्याच ट्रॅकवर विंग नसलेल्या गाड्यांसाठी पहिले बक्षीस २ लाख डॉलर ठेवले गेले. विंगविरोधकांना आपले दिवस परत आले असे वाटले. २०२३ मध्ये विजेत्याला दहा लाखांहून अधिक डॉलर मिळाले, आणि ती शर्यत विंग लावलेल्या गाड्यांची होती. त्याच वर्षी विंगवाल्यांची दुसरी फिरती मालिका उभी राहिली आणि २०२४ पासून तिने देशभराचा पूर्ण हंगाम भरवला. आता ड्रायव्हरपुढे प्रश्न आहे तो या दोन मालिकांपैकी कोणत्या मालिकेत गाडी न्यायची याचा. इंडियानात जुलैचा विंगविरहित आठवडा अजूनही भरतो, रात्रीमागून रात्र वेगळ्या ट्रॅकवर.