एकच कुरण, दोन हिशेब

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या आग्नेय कडेला, न्गोरोंगोरोच्या डोंगरांच्या पायथ्याशी, एक उघडंबोडकं माळरान पसरलं आहे. गवत जेमतेम घोट्याएवढं. केरिमासी आणि ओल दोइन्यो लेंगाई या ज्वालामुखींनी हजारो वर्षं फेकलेली राख वाऱ्याने इथे आणून टाकली, तिचा खाली घट्ट थर बसला आणि झाडांची मुळं तो भेदू शकत नाहीत. पण त्याच राखेमुळे इथल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर आहे. दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं हेच लागतं. पावसाळी महिन्यांत दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट, म्हणजे गायीसारखी दिसणारी मोठी रानटी हरणं, या माळावर उतरतात आणि जानेवारीअखेर ते मार्चच्या दरम्यान माद्या वितात. बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत जन्माला येतात. सिंह आणि तरस खाऊन खाऊन किती खाणार, हे त्यामागचं गणित.

नेमक्या याच दिवसांत मसाई जमातीचे गुराखी आपली गुरं या माळावरून काढून वर डोंगराकडे नेतात. वर्षातलं सगळ्यात कसदार गवत समोर असताना पाठ फिरवायची आणि गोचिडांनी भरलेल्या, निकस चाऱ्याच्या चढावर जायचं. कारण वाइल्डबीस्टच्या वासरांच्या नाकाडोळ्यांतून पाझरणाऱ्या स्रावात एक विषाणू असतो. वाइल्डबीस्टला त्याने काही होत नाही. गायीला झाला तर ताप चढतो, नाकातून घट्ट शेंबूड वाहतो, तोंड आतून सोलवटतं, डोळ्यांवर पांढरट पडदा येतो आणि ती बहुधा मरतेच. मॅलिग्नंट कटार फीव्हर हे या रोगाचं वैद्यकातलं नाव. एका गायीपासून दुसरीला तो होत नाही. दर वेळी तो येतो वाइल्डबीस्टकडूनच. म्हणून उपाय एकच, लांब राहणं.

लांब राहण्याची किंमत दुधात मोजावी लागते. निकस चाऱ्यावर गायी आटतात, अंगाने उतरतात, आणि गोचिडांचे ताप वेगळेच. वन्यजीव आणि माणूस यांच्या संघर्षाबद्दल लिहिलं जातं तेव्हा सिंहाने मारलेली गाय आणि भाल्याने मारलेला सिंह हेच समोर येतं, कारण त्याचे फोटो निघतात. वाइल्डबीस्टच्या वासरापायी दरवर्षी बुडणाऱ्या दुधाचा फोटो निघत नाही आणि त्याची भरपाई कुठल्याच सरकारी तक्त्यात नसते.

आता जरा मागे जाऊ. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे खंडाच्या पूर्वेकडच्या टोकाला, बुळकांडीचा रोग उतरला. या भागातल्या जनावरांची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. काही वर्षांतच तो पूर्व आफ्रिकेतून दक्षिणेकडे पसरला. मसाईंची बहुतांश गुरं मेली, पाठोपाठ देवी आली, दुष्काळ आला. १८९२ मध्ये ऑस्ट्रियन प्रवासी ऑस्कर बाउमान न्गोरोंगोरोला पोचला तेव्हा त्याला उपासमारीने सांगाडे झालेली माणसं भेटली. रानरेडे आणि वाइल्डबीस्टही याच रोगाने मरत होते. चरणारं कोणी उरलं नाही, गवत माजलं, झुडपं दाटली. काही भागांत झुडपांबरोबर माणसांना आणि गुरांना जीवघेणे रोग देणारी त्से-त्से माशी पसरली आणि तिथे पुन्हा वस्ती करणं अवघड झालं.

पुढच्या काळात आलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी पाहिला तो हा ओस पडलेला प्रदेश, आणि त्यालाच त्यांनी आदिम, मानवरहित निसर्ग समजलं. संवर्धनाच्या इतिहासातली ही मला सगळ्यात महागडी गैरसमजूत वाटते, कारण पुढचे नकाशे तिच्यावर बेतले गेले. १९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं. १९५९ मध्ये ब्रिटिश वसाहती सरकारने त्याचे दोन भाग केले. पश्चिमेचं उद्यान फक्त प्राण्यांसाठी, मसाईंनी तिथून निघायचं. पूर्वेचा सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचा न्गोरोंगोरो संवर्धन प्रदेश प्राणी आणि पशुपालक दोघांसाठी.

उद्यान झाल्यावर वाइल्डबीस्ट वाढले, हे खरं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजणी झाली तेव्हा ते अडीच लाखांच्या आसपास होते. १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले. वरवर पाहिलं तर हा कुंपणाचा विजय. पण वाढ झाली ती मुख्यतः एका लशीने, आणि ती लस टोचली गेली गायींना.

केनियातल्या मुगुगा इथल्या संशोधन केंद्रात वॉल्टर प्लोराइट या ब्रिटिश पशुवैद्यकाने बुळकांडीवर पेशीसंवर्धनातून स्वस्त आणि खात्रीची लस तयार केली. उद्यानाभोवतालच्या गुरांना ती मोठ्या प्रमाणावर दिली गेली. तोपर्यंत समज असा होता की रोगाचं घर रानात आहे आणि तो तिथून गोठ्यात येतो. झालं उलटंच. गुरांमधला रोग आटोक्यात आला आणि १९६३ च्या सुमारास तो वाइल्डबीस्टमधूनही नाहीसा झाला. रोग गुरांकडून रानात जात होता. दरवर्षी मोठ्या संख्येने दगावणारी वर्षाच्या आतबाहेरची वासरं आता जगू लागली. २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

पुढची साखळीही बघण्यासारखी आहे. वाइल्डबीस्ट वाढले, गवत जास्त खाल्लं जाऊ लागलं. वाळलेलं गवत कमी उरलं तसे वणवे कमी झाले. वणवे कमी झाल्यावर कोवळी रोपं तगली, झाडं वाढली. वातावरणात कार्बन सोडणारा सेरेंगेटीचा प्रदेश कार्बन साठवणारा झाला. आणि सुरुवात कुठून, तर मसाई गुराख्याच्या गायीच्या मानेत टोचलेल्या सुईपासून.

याच प्लोराइटने १९६० मध्ये सहकाऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती. मॅलिग्नंट कटारचा विषाणू त्यांनी वाइल्डबीस्टमधून वेगळा करून दाखवला. म्हणजे एकाच शास्त्रज्ञाच्या हातून वाइल्डबीस्टना वाचवणारी लस आली आणि त्यांच्यापासून गायींना काय धोका आहे हेही कळलं. बुळकांडीच्या लशीने पशुपालकांची गुरं वाचली, पण वाइल्डबीस्ट पाचपट झाले आणि चांगल्या माळावरून गुरांना दूर ठेवण्याची गरजही वाढली. फायदा पर्यटनाच्या आणि कार्बनच्या खात्यात दिसतो, तोटा दुधाच्या भांड्यात.

मग गायी आणि वन्यप्राणी एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत का? या प्रश्नाचं सगळ्यात नेटकं उत्तर केनियातल्या लाइकिपिया पठारावर मिळालं. तिथे १९९५ पासून एक प्रयोग चालू आहे. प्रत्येकी चार हेक्टरचे १८ तुकडे वेगवेगळ्या कुंपणांनी घेरले आहेत. काही तुकड्यांत सगळ्यांना मुभा, काहींत हत्ती-जिराफांना मज्जाव, काहींत फक्त गुरं, काहींत कोणीच नाही. २०११ मध्ये संशोधकांनी त्यातल्या गुरांच्या वजनवाढीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोरड्या हंगामात वन्यप्राण्यांसोबत चरणाऱ्या गायींचं वजन कमी वाढलं, हे अपेक्षितच होतं, कारण चारा थोडा आणि तोंडं जास्त. पावसाळ्यात मात्र त्याच गायी एकट्याने चरणाऱ्या गायींपेक्षा जास्त भरल्या! झेब्रे जरड, काडीसारखं गवत खाऊन टाकतात आणि खाली राहिलेला कोवळा, पौष्टिक फुटवा गायींच्या तोंडी लागतो. गाय आणि झेब्रा शत्रू की मित्र, हे पावसावर ठरतं.

उलट दिशेचं देणंही आहे. मसाई कुटुंब रात्री गुरं काटेरी फांद्यांच्या गोल कुंपणात कोंडतं. दिवसभर मैलोन्‌मैल चरून आलेली गुरं रात्री एका जागी शेण टाकतात. म्हणजे मोठ्या परिसरातलं खत रोज एका वर्तुळात गोळा होतं. काही वर्षांनी वस्ती हलते, कुंपण मोडतं, पाऊस पडतो आणि तिथे वेगळंच दाट, गोड गवत उगवतं. हरणं, झेब्रे त्या हिरव्या वर्तुळाकडे ओढले जातात. जागा मोकळी असल्याने दबा धरून बसलेला सिंहही लांबून दिसतो. हे किती टिकतं? नैर्ऋत्य केनियात संशोधकांनी प्राचीन पशुपालकांच्या अशा जागा खणल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. १,५५० ते ३,७०० वर्षांपूर्वी सोडलेल्या गुरांच्या वाड्यांच्या मातीत आजही आजूबाजूपेक्षा फॉस्फरस, कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त आहे. पर्यटक ज्या सॅव्हानाला अस्पर्श निसर्ग म्हणून कॅमेऱ्यात पकडतात, त्यातली काही हिरवळ अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेणाची आहे.

इथवर वाचून पशुपालन म्हणजे सगळं छान आणि उद्यान म्हणजे सगळं वाईट, असं कोणाला वाटलं तर ते सोपं होईल, खरं होणार नाही. न्गोरोंगोरोत १९५९ च्या सुमारास आठेक हजार माणसं होती, आता ती लाखाच्या घरात आहेत. गुरं त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. माणशी गुरांचा वाटा इतका घसरला आहे की नुसत्या दुधावर घर चालत नाही. मका पेरावा तर शेतीचे नियम सतत बदलते: १९७५ मध्ये बंदी, १९९२ मध्ये ती उठवली, २००९ मध्ये पुन्हा बंदी. अलीकडे टांझानिया सरकारने लोकांना शेकडो किलोमीटरवरच्या हांदेनी जिल्ह्यात, म्सोमेरा गावी हलवायला सुरुवात केली. शेजारच्या लोलियोंडोत जून २०२२ मध्ये १,५०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित क्षेत्राचे सीमाखांब रोवताना पोलीस आणि मसाई यांच्यात रक्तरंजित चकमक झाली. याच लोलियोंडोत १९९२ पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या एका कंपनीकडे शिकारीचा परवाना होता. गुरांच्या चरण्याने निसर्गाला धोका आणि परदेशी पाहुण्यांच्या बंदुकीने नाही, हा युक्तिवाद पर्यावरणशास्त्राच्या कुठल्या नियमात बसतो ते मला अजून समजलेलं नाही.

सीमेपलीकडे केनियातली गोष्ट जास्त बोचरी आहे. मसाई मारा अभयारण्याच्या उत्तरेला लोइता नावाचं माळरान आहे. मारातल्या स्थानिक वाइल्डबीस्टचा एक वेगळा कळप तिथे वितो. हा कळप १९७७ मध्ये सुमारे १,१९,००० होता आणि वीस वर्षांत तो २२,००० वर आला. चोरटी शिकार थोडीफार होतीच, पण मुख्य कारण गहू. माळावर ट्रॅक्टर फिरले आणि विण्याची जागाच गेली. जमिनी भाड्याने देणारे बरेचसे मसाईच होते. त्यांना दोष देण्याआधी त्यांचा हिशेब पाहावा. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे, वन्यप्राणी सरकारचे. आपल्या कुरणात वाइल्डबीस्ट चरला तर जमीनमालकाला काही मिळत नाही, उलट रोगाची धास्ती. गव्हाचं भाडं रोख. गाय आणि वाइल्डबीस्ट एका कुरणात भांडत भांडत का होईना, हजारो वर्षं राहिले. गव्हाच्या शेतात दोघांनाही जागा नाही.

यावर माराच्या आजूबाजूला जो तोडगा निघाला तो कॉन्झर्व्हन्सीचा. शेकडो जमीनमालक आपले तुकडे एकत्र करतात, कुंपण न घालण्याचं आणि घर न बांधण्याचं कबूल करतात, पर्यटन कंपन्या त्यांना दरमहा ठरलेलं भाडं देतात. बऱ्याच ठिकाणी गुरांना आळीपाळीने चरायची मुभाही असते. प्राण्यांच्या दृष्टीने हे काम करतं. पण सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद बहुधा पुरुषाच्या नावावर असल्याने भाडं त्याच्या खात्यात जातं आणि ज्या बाईची गाय आटली तिच्या हाती काही येईलच असं नाही. ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्यांचा तर प्रश्नच नाही. २०२० मध्ये कोविडने पर्यटक एका फटक्यात थांबले, तेव्हा संवर्धनाचं भाडं परदेशी विमानांच्या वेळापत्रकावर किती अवलंबून आहे ते सगळ्यांना दिसलं. कॉन्झर्व्हन्सीच्या बाहेर मात्र तारेची कुंपणं झपाट्याने वाढत आहेत. शेजाऱ्याने घातलं की आपणही घालावं, नाहीतर सगळ्यांची गुरं आपल्याच तुकड्यात, हा व्यवहार कोणालाही कळेल.

सध्या मॅलिग्नंट कटारवर लस शोधण्याचं काम चालू आहे. टांझानियात झालेल्या चाचण्यांत तिने गुरांना काही अंशी संरक्षण दिलं, पुरतं नाही. पशुपालकांना ती हवी आहे यात नवल नाही. वन्यजीव अभ्यासक मात्र तिच्याबद्दल जपून बोलतात. ही लस पूर्ण यशस्वी झाली तर जानेवारी ते मार्चमध्ये माळ सोडण्याचं गुरांना कारणच उरणार नाही, आणि आजवर एका विषाणूने वेगळे ठेवलेले दोन कळप नेमक्या विण्याच्या दिवसांत त्याच घोट्याएवढ्या गवतावर समोरासमोर येतील. यावर कोणी म्हणेल, मग लस नकोच. तसं म्हणणाऱ्याने त्या तीन महिन्यांच्या दुधाचे पैसे कोण देणार तेही सांगायला हवं. आजवर ते मसाई कुटुंबच देत आलं आहे.