‘किती बार झेपंल?’ : एअर-कूल्ड इंजिन आणि टर्बो

साडेतीनशे सीसीच्या सिंगल सिलिंडर गाडीला कुणीतरी छोटासा टर्बो बसवलाय, गेजचा काटा सर्रकन वर जातोय आणि खाली लिहिलंय ‘पॉवर डबल’. असली रील्स सध्या वाळूजपासून उदगीरपर्यंत मोबाईलवर फिरताहेत. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडे इंजिन उघडून बसणाऱ्या पोरांना तोटा नाही. साहजिकच विचारणा होते, “सर, एअर-कूल्डला किती बार झेपंल?”

बार हे दाबाचं माप; एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेचा दाब. टर्बो म्हणजे धुराच्या झोताने फिरणारा हवेचा पंप, आणि तो भोवतालच्या दाबावर जो जादा दाब देतो तो बूस्ट. पण टर्बो लावलेलं इंजिन नुसत्या दाबाने क्वचितच जातं. त्याला खाते ती उष्णता. तेव्हा दोन गोष्टी आधी विचारायला हव्यात : हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) किती अंशांवर जातंय आणि किती वेळ तिथं राहतंय.

पोर्शेचं उदाहरण घ्या. 1975 साली त्यांची 911 टर्बो बाजारात आली. तीन लिटर, सहा सिलिंडर, गार करायला पंख्याची हवा आणि तेल, एवढंच. बूस्ट 0.8 बार, ताकद 260 हॉर्सपॉवर. ते झेपावं म्हणून कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, 6.5 पर्यंत उतरवावा लागला. त्या वेळच्या बिनटर्बो 911 चा 8.5 होता. 1978 मध्ये इंजिन 3.3 लिटरचं झालं, इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) आला आणि ताकद 300 झाली. 1995 ची टर्बो ही एअर-कूल्डमधली शेवटची : 3.6 लिटर, 408 हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन 8. आणि बूस्ट? तोच, 0.8 बारच्या आसपास. वीस वर्षांत बूस्ट जागचा हलला नाही. इंजिन थोडं मोठं झालं हे खरं, पण मुख्य फरक पडला तो हवा किती गार करून आत सोडायची आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची, यात.

हवा दाबली की तापते, हे शाळेत शिकलोय. किती तापते ते बघू. परभणीत मे महिन्याच्या दुपारी हवा 43 अंश सेल्सिअस धरा. 0.5 बार बूस्ट म्हणजे हवा साधारण दीडपट दाबली. छोट्या टर्बोची कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर त्यातून बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या पुढे जाते. गरम हवा विरळ, त्यामुळे सिलिंडरमध्ये दीडपट नाही, जेमतेम सव्वापट हवा भरते. एक बार बूस्ट दिला तर हवा 150 अंशांवर जाते आणि भरते दीडपट. ‘पॉवर डबल’ इथंच निकालात निघतं.

आता माझ्या आवडीचा भाग : नॉकिंग. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला एका टोकाकडून पसरत जाते. तिच्यापुढे न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबलं जातं, तापतं आणि आपल्या पाळीची वाट बघतं. प्रत्येक दाबाला आणि तापमानाला या मिश्रणाचा एक ठरलेला धीर असतो. तो संपला की ते ठिणगीशिवाय, सगळंच्या सगळं एकदम पेटतं. ज्वाला आधी पोचली तर ठीक. धीर आधी संपला तर खडखड. शर्यत फार थोड्या वेळाची आहे : 3000 आरपीएमला ज्वालेला दोन-तीन मिलिसेकंद लागतात, 6000 ला त्याच्या निम्मे. म्हणून कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटल देऊन घाट चढवणं सगळ्यात वाईट. मिश्रणाला धीर सोडायला भरपूर वेळ मिळतो.

हा धीर मोजायची सूत्रं आहेत. 1955 मध्ये लिव्हनगुड आणि वू या संशोधकांनी त्याचा हिशेब मांडला : दाब आणि तापमान दर क्षणी बदलत असतात, तर प्रत्येक क्षणी धीराचा कितवा हिस्सा खर्च झाला ते काढायचं आणि बेरीज करत जायचं, बेरीज एक झाली की भडका. पेट्रोलसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध सूत्रात हा वेळ दाबाच्या 1.7 व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि तापमानाशी त्याचं नातं घातांकी आहे. दाब दीडपट झाला की 1.5 चा 1.7 वा घात म्हणजे जवळपास 2, म्हणजे वेळ निम्मा. टर्बोने तापलेली हवा इंटरकूलरशिवाय आत गेली, तर कोपऱ्यातलं मिश्रण साधारण 800 केल्व्हिनऐवजी 950 केल्व्हिनपर्यंत पोचतं, आणि उरलेला वेळ पुन्हा निम्मा होतो. अर्ध्या बारसाठी धीर चौथाईवर आला! हिशेब ढोबळ आहे, सिलिंडरच्या भिंतींची उष्णता त्यात धरलेली नाही, पण दिशा खरी आहे. तीच हवा इंटरकूलरमधून 60 अंशांवर आणली तर तापमानामुळे होणारं नुकसान निम्म्याऐवजी वीस-बावीस टक्क्यांवर येतं. इंटरकूलर चैनीची वस्तू नाही ती यासाठी.

ज्वालेचं तापमान 2000 अंशांच्या वर असतं आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण धातूला चिकटून वायूचा एक अतिशय पातळ, त्यामानाने गार थर असतो; उन्हात निघताना डोक्याला बांधलेल्या उपरण्यासारखा. नॉकिंगच्या दाबलहरी हा थर खरवडून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते, हेड आणखी तापतं, तापलेलं हेड पुढच्या फेरीतल्या मिश्रणाला आणखी तापवतं, त्याचा धीर आणखी कमी होतो. हे चक्र एकदा सुरू झालं की प्लगचं टोक नाहीतर व्हॉल्व्हची कडा लालभडक होऊन स्वतःच ठिणगीचं काम करू लागते. पिस्टनला भोक पडायला तिथून फार वेळ लागत नाही.

पाण्याने गार होणारं इंजिन हे चक्र आधी तोडतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं, आणि हेडचा एखादा ठिपका जास्त तापला तर तिथं पाण्याचे बुडबुडे उठून तो ठिपका नेमका गार होतो. फिन्सना, म्हणजे एअर-कूल्ड इंजिनावरच्या धातूच्या पट्ट्यांना, ही सोय नाही. मात्र एक समज इथं खोडायला हवा : ‘आपल्याकडच्या उन्हात एअर-कूल्ड बेकार.’ फिन 200 अंशांवर आणि हवा 20 ऐवजी 43 अंश असेल, तर दोघांतला फरक 180 वरून 157 वर येतो, म्हणजे 13 टक्के घट. रेडिएटर 95 अंशांवर धरला तर हाच फरक 75 वरून 52 वर येतो, जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. उन्हाचा फटका रेडिएटरला जास्त बसतो! एअर-कूल्डला मारते ती वारा नसलेली अवस्था, म्हणजे सिग्नलवर उभी गाडी.

नाक्यानाक्यावर हॅन्डलला लिंबू-मिरची बांधून इंजिनाची दृष्ट काढणारे आहेत, आणि ऑनलाइन ‘इलेक्ट्रिक टर्बो’ नावाचा पंखा विकणारेही आहेत. दुसरे महागात पडतात. साडेतीनशे सीसीच्या इंजिनाला 5000 आरपीएमवर अर्धा बार बूस्ट द्यायला कॉम्प्रेसरला हजारेक वॉट लागतात. मोटरसायकलच्या अख्ख्या वायरिंगमध्ये तेवढी वीज नसते.

खऱ्या उपायांकडे वळू. 1983 च्या सुझुकी एक्सएन85 या एअर-कूल्ड टर्बो बाइकमध्ये पिस्टनच्या खालून तेलाचे फवारे मारले जात. कावासाकीने जीपीझेड 750 टर्बोसाठी कॉम्प्रेशन 9.5 वरून 7.8 वर आणलं. पेट्रोल थोडं जास्त सोडणं हाही जुना मार्ग. त्याचं बाष्पीभवन मिश्रणाला गार करतं. आपल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल इथं कामाला येतं : त्याचा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) जास्त, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. पण कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तोच ठेवून ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, वापरलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पातळ मिश्रणावर बूस्ट म्हणजे वरच्या चक्राला आमंत्रणच.

मग पोरांना उत्तर काय द्यायचं? कॉम्प्रेशन नऊच्या आसपास, साधं पेट्रोल आणि इंटरकूलर नाही, असं कंपनीचं इंजिन असेल तर 0.3 ते 0.4 बारच्या पुढे मी जाणार नाही. कॉम्प्रेशन उतरवलं, इंटरकूलर, ऑइल कूलर बसवला, टायमिंग मागे घेतलं (ठिणगी थोडी उशिरा टाकली), तर 0.8 पर्यंतचा रस्ता पोर्शेने दाखवलाय. डिझेलचं गणित वेगळं आहे. तिथं नुसती हवा दाबली जाते, आधीच पेटायला मिश्रणच नसतं. म्हणून चेक कंपनी टाट्रा ट्रकच्या एअर-कूल्ड व्ही-8 वर बिनधास्त टर्बो लावते.

पेट्रोलवाल्यांनी बूस्ट गेजच्या आधी प्लगच्या वॉशरखाली बसणारा तापमानाचा सेन्सर घ्यावा. विमानांची एअर-कूल्ड इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी हेडला कमाल 260 अंश ठरवते, पण इंजिन टिकवायचं तर 205 ते 225 च्या आत राहायला सांगते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना काटा 225 ओलांडू लागला, तर गिअर खाली घ्या आणि थ्रॉटल सोडा, बूस्ट गेज 0.2 दाखवत असला तरी.