घरच्या डॉक्टरचं मोजमाप: बार्बरा स्टारफिल्ड यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या मराठी घरांत ताप आला, पोट बिघडलं, की आधी विचारलं जायचं ते घरच्या डॉक्टरकाकांना. आजीला कुठलं औषध सोसत नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. आता गुडघा दुखला की थेट हाडांचा डॉक्टर, छातीत जळजळलं की थेट हृदयाचा. ते परवडत नसेल तर मोठ्या सरकारी दवाखान्याची ओपीडी. तिथे पर्ची काढून नंबर लागेपर्यंत दुपार होते, समोर दर खेपेला नवा डॉक्टर असतो आणि दुखणं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

यात नेमकं काय हरवलं, हे आकड्यांत मांडण्याचं काम बार्बरा स्टारफिल्ड यांनी केलं. १९३२ मध्ये जन्मलेल्या स्टारफिल्ड मूळच्या बालरोगतज्ज्ञ. २०११ मध्ये त्या गेल्या, तोवरची त्यांची बहुतेक कारकीर्द अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेली. प्राथमिक सेवा म्हणजे किरकोळ आजारांचा स्वस्त दवाखाना, ही समजूत त्यांनी मोडून काढली. त्यांच्या मांडणीत चार कसोट्या आहेत: दुखण्यात माणूस पहिल्यांदा तिथेच जातो का, वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी जातो का, बहुतेक गरजा तिथे भागतात का आणि पुढे पाठवल्यावर त्याची दोरी कोणाच्या हातात राहते का. मला यातली दुसरी कसोटी सर्वांत मोलाची वाटते, कारण ती इमारतीवर किंवा यंत्रांवर ठरत नाही.

१९९१ मध्ये त्यांनी १० पाश्चात्त्य देशांची तुलना छापली. प्राथमिक सेवेत अमेरिका मागे पडली होती, आणि अफाट खर्च करूनही तिथलं आरोग्य त्या तोडीचं नव्हतं. पुढे जेम्स मॅसिन्को आणि लेयू शी यांच्याबरोबर १८ श्रीमंत देशांची १९७० ते १९९८ पर्यंतची आकडेवारी तपासली, तेव्हा प्राथमिक सेवा भक्कम असलेल्या देशांत अकाली मृत्यू कमी दिसले. देशाचं उत्पन्न, लोकसंख्येतलं वृद्धांचं प्रमाण वगैरे हिशेबात धरूनही हा फरक उरला. याच तिघांच्या २००५ च्या निबंधात आणखी एक अवघड गोष्ट आहे. अमेरिकेत तज्ज्ञ डॉक्टर जास्त म्हणून मृत्यू कमी, असं दिसत नव्हतं. गल्लोगल्ली सुपरस्पेशालिटीच्या पाट्या लागलेल्या आपल्या शहराने हे लक्षपूर्वक वाचावं.

कल्पना मात्र जुनी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र हा शब्द ब्रिटनमधल्या १९२० च्या डॉसन अहवालात सापडतो. भारतात सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये हे तत्त्व मांडलं आणि सुरुवातीला ४०,००० लोकांमागे एक केंद्र सुचवलं. दूरच्या आराखड्यात १० ते २० हजार वस्तीमागे ७५ खाटांचं रुग्णालय होतं. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेत केंद्रं निघाली, पण एका विकासगटाला एक, आणि गटाची वस्ती ४०,००० हून बरीच मोठी. भोर समितीचं माप तिथेच सुटलं.

१९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता या शहरातल्या परिषदेत जगाने 'सर्वांसाठी आरोग्य' जाहीर केलं. वर्षभरातच निवडक आजारांपुरतंच बघावं, असा स्वस्त पर्याय पुढे आला. आपल्याकडे तर केंद्रातला डॉक्टर आधीच नसबंदीची टार्गेटं, हिवतापासाठी रक्ताच्या स्लाइड्स आणि लसीकरण यांत अडकला होता. कार्यक्रम चालले, काही फार चांगले चालले. पण गावकऱ्याला 'माझा डॉक्टर' म्हणता येईल असा माणूस त्यातून क्वचितच उभा राहिला, आणि हीच या सगळ्या इतिहासातली मोठी उणीव आहे.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आशाताई दिल्या. २०१७ च्या आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्चाचा दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यायचं ठरवलं. २०१८ मध्ये दीड लाख आरोग्य केंद्रांची घोषणा झाली, २०१९ मध्ये इंदूरच्या वस्त्यांतही राज्य सरकारचं संजीवनी क्लिनिक सुरू झालं. आशाताई आता तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात: तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कोणाला साखर किंवा बीपी आहे का. फॉर्म उत्तम आहे. स्टारफिल्ड यांच्या कसोटीवर पुढचे प्रश्न असे: साखर निघालेला माणूस सहा महिन्यांनी त्याच केंद्रात येतो का, तिथे त्याला ओळखणारं कोणी असतं का, आणि मोठ्या रुग्णालयात जाऊन आल्यावर तिथलं निदान या केंद्राला कळतं का. केंद्रं किती उघडली, याच्या शेजारी या तीन उत्तरांचा रकानाही दरवर्षीच्या अहवालात असायला हवा.